मेंडोझा (आर्जेन्टिना): द्राक्षाच्या गावाला ग्रुप टूरने जाणाऱ्यांसाठी

निफाडची_सून (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मार्चच्या मध्यात आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा नवरा आणि सासरे (घरात सगळे त्यांना दादा म्हणतात), एका ग्रुप टूरबरोबर ब्राझील आणि आर्जेन्टिना करून आलो. इग्वासूचा धबधबा आणि ब्युनोस आयरेस यांवर इथे भरपूर लिहून झालंय, ते सोडते. मला मेंडोझाबद्दल लिहायचंय. जायच्या आधी मराठीत शोधून काही हाती लागलं नव्हतं, आणि द्राक्षवाली माणसं तिकडे जाणार असतील तर त्यांना चार गोष्टी आधी कळायला हव्यात, असं तिथे असतानाच सारखं वाटत होतं.

निफाड तालुक्यात आमची साडेचार एकर बाग आहे, बहुतेक सगळी थॉमसन (खायच्या, बिनबियांच्या द्राक्षाची जात). गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, सप्टेंबरअखेर घेतली होती, माल फेब्रुवारीत निघाला, व्यापाऱ्याचा हिशेब झाला. एप्रिलच्या, तोडणीनंतरच्या खरड छाटणीच्या आत घरी परतायचं, या बोलीवर दादा निघाले. वय ७३, गळ्यात तुळशीची माळ. वाईनच्या गावाला माळकरी माणूस कशाला नेताय, असं दोन-तीन नातेवाइकांनी विचारलं. दादा त्यांना एवढंच म्हणाले, "मला बाटली नाही बघायची, बाग बघायचीय."

ब्युनोस आयरेसहून विमानाने दोन तासांच्या आत मेंडोझा येतं. उतरताना खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. आधी खाली नुसती करडी, काटेरी झुडपांची जमीन दिसते, मैलोन्‌मैल. मग एकदम दोरी लावून आखल्यासारखे हिरवे चौकोन सुरू होतात, आणि त्यांच्या मागे बर्फाची भिंत उभी राहते. या प्रांतात वर्षाला पाऊस साधारण २०० मिलिमीटर. आपल्या माण-खटावातसुद्धा याच्या दुप्पट पडतो. प्रांताच्या एकूण जमिनीपैकी पाच टक्क्यांहून कमी जमिनीला पाणी मिळतं, आणि शहरं, झाडं, द्राक्षं, ऑलिव्ह, जे काही आहे ते सगळं तेवढ्यात. पाणी अँडीजवरच्या बर्फाचं. ते नदीतून कालव्यात येतं, कालव्यातून पाटात.

हे पाट शहरातसुद्धा आहेत. मेंडोझाच्या जवळजवळ प्रत्येक रस्त्याच्या कडेला, फूटपाथ आणि रस्ता यांच्या मधे, दगडी किंवा सिमेंटचा उघडा पाट असतो. त्याला तिथे 'आसेकिया' म्हणतात. त्यातल्या पाण्यावर रस्त्याकडेची झाडं जगतात. तुती, अ‍ॅश, प्लेन, इतकी दाट की भर दुपारीही सावलीतून चालता येतं. पाट काढायची ही रीत स्पॅनिश लोक १५६१ मध्ये इथे आले त्याच्या आधीपासूनची, इथल्या वार्पे लोकांची. पाटांची जबाबदारी असलेल्या त्यांच्या एका मुखियाचं, ग्वायमाशेनचं, नाव शहरातल्या मोठ्या कालव्याला आजही आहे.

२० मार्च १८६१ च्या भूकंपात जुनं शहर पार कोसळलं, हजारो माणसं गेली. मग शेजारी नवं शहर आखलं, तेव्हा रस्ते मुद्दाम रुंद ठेवले आणि मधे मोकळे चौक सोडले, पुन्हा धरणी हलली तर लोकांना धावत जाऊन उभं राहता यावं म्हणून. मधोमध प्लाझा इंदिपेंदेन्सिया आणि त्याच्या चार कोपऱ्यांच्या बाजूंना चार लहान चौक: सान मार्तीन, चिले, इतालिया, एस्पान्या. एस्पान्या चौकातल्या रंगीत फरशा बघण्यासारख्या आहेत. हे पाचही चौक पायी दोन तासांत होतात.

आणि नेमकं हेच आमच्या कार्यक्रमात नव्हतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, तो या धाग्याचा विषय नाही. पण छापील कार्यक्रमात 'मेंडोझा शहरदर्शन' होतं आणि प्रत्यक्षात बसमधून पाऊण तासाचा फेरा झाला. पार्क सान मार्तीनचं लोखंडी प्रवेशद्वार, सेर्रो दे ला ग्लोरिया टेकडीवर फोटोसाठी वीस मिनिटं, बस. एकाच दिवसात तीन वायनऱ्या. पहिलीत सगळे उत्साहात होते, दुसरीत ऐकून घेत होते, तिसरीत ३१ पैकी निम्मी माणसं बसमधून खालीही उतरली नाहीत. मार्गदर्शक मुलगी जीव तोडून सांगत होती आणि तिच्यासमोर सात-आठ जण. मला फार वाईट वाटलं. अहो, एवढे पैसे भरून, एवढ्या लांब येऊन!

त्यामुळे माझं पहिलं कळकळीचं सांगणं. बुकिंग करतानाच विचारा: वायनऱ्या किती? प्रत्यक्ष बागेत, मातीत पाय ठेवून चालायला किती वेळ? शहरात पायी अर्धा दिवस आहे का? वायनऱ्या दोन पुरतात. एक जुनी, एक नवी. जुन्यांमध्ये माइपूतलं वाइनचं संग्रहालय जरूर मागून घ्या. तिथे बैलाच्या अख्ख्या कातड्याची ताणून केलेली झोळी ठेवलीय. पूर्वी द्राक्षं त्यात टाकून पायांनी तुडवत.

दुसऱ्या वायनरीत बाग इमारतीला लागूनच होती आणि तोडणी चालू होती. इथेच दादा अडकले. बाकीचे आत चवी घ्यायला गेले, आम्ही तिघं बाहेर राहिलो. तोडणीवाले कात्रीने घड कापून वीसेक किलोचा डबा भरतात, तो खांद्यावर टाकतात आणि पळत जाऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रिकामा करतात. दर डब्यामागे एक टोकन मिळतं, 'फिचा'. संध्याकाळी टोकनं मोजून पैसे. माणसं बरीचशी बोलिव्हियाकडची आणि आर्जेन्टिनाच्या उत्तर भागातली. आमच्याकडे हंगामात पेठ-सुरगाण्याकडून माणसं येतात, त्यांची आठवण आली. उन्हात रापलेले तसेच हात, डोक्याला तसंच फडकं.

दादांनी परवानगी विचारून मालबेक या वाईनच्या द्राक्षाचा एक मणी तोडला. लहानसा, काळा-जांभळा, जाड सालीचा, आत बिया. थॉमसनच्या मण्याशेजारी ठेवला तर कोणी द्राक्ष म्हणणार नाही. मग खिशातून त्यांनी आपला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, काढला. तो त्यांनी घरून आणलाय हे आम्हालाही माहीत नव्हतं. काचेवर रसाचा थेंब टाकला, डोळ्याला लावला, आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. २४ च्या पुढे ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप)! आम्ही १७-१८ ला माल काढतो. तिथला मुकादम लांबून बघत होता. तो हसत जवळ आला आणि त्याने त्याच्या खिशातून त्याचा रिफ्रॅक्टोमीटर काढून दाखवला. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. पुढचा अर्धा तास दोघं ओळीतून फिरत होते, बोटांनी आकडे दाखवत.

आत गेल्यावर दादांच्या हातातही पेला दिला. त्यांनी माळेला हात लावून दाखवला, पेला नाकाशी नेऊन मोठा श्वास घेतला आणि परत ठेवला. ओतणाऱ्या बाईंनी कसलाही आग्रह केला नाही. न विचारता त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस आणला.

दुसऱ्या दिवशी अँडीज. त्यावर खाली कोणी विचारलं तर लिहीन. आधीच लांबलंय.

सर्वांत महत्त्वाचं राहिलं. शहरात चालताना, विशेषतः बसमधून उतरताना, खाली बघा. आमच्यातल्या एक काकू फोनवर फोटो बघत बसमधून उतरल्या आणि पाय थेट आसेकियात. पाट कुठे गुडघाभर, कुठे त्याहूनही खोल आहेत आणि बहुतेक उघडे. घोटा मुरगळला, पुढचे चार दिवस व्हीलचेअर. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा.

---

शाकाहारी_भटकी

ताई, फार आतून लिहिलंय. दादांचा रिफ्रॅक्टोमीटर वाचून डोळे भरून आले.

खाण्याचं कसं जमवलंत? आम्ही दोघं पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. ऑक्टोबरचं बुकिंग करतोय आणि 'आर्जेन्टिनात गवत सोडून सगळं मांस' असं ऐकून आई घाबरलीय.

---

निफाडची_सून

आईंना सांग, उपाशी राहायची वेळ येत नाही. ग्रुपचं भारतीय जेवण डब्यातून यायचं. पण रोज तोच राजमा-भात, म्हणून दोन रात्री आम्ही बाहेर जेवलो. इटलीहून आलेल्या लोकांची वस्ती मोठी, त्यामुळे पास्ता, न्योकी, पिझ्झा सगळीकडे. कांदा आणि चीज भरलेला फुगासेता नावाचा पिझ्झा असतो, पोट भरतं. मक्याच्या ताज्या कणसांचा 'उमिता' मिळाला तर नक्की खा, कणसाच्या पानात बांधून उकडतात. प्रोव्होलेता म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं चीज.

पण एक सांभाळायचं. एम्पानादा, म्हणजे त्यांच्या करंज्या. सारण चीज-कांद्याचं असलं तरी वरच्या पारीत बरेचदा गाईची चरबी घालतात. विचारायचं: "ला मासा तिएने ग्रासा?" हो म्हणाले तर नको. सकाळच्या नाश्त्याच्या अर्धचंद्रासारख्या पावातही दोन प्रकार असतात, लोण्याचा 'दे मान्तेका' आणि चरबीचा 'दे ग्रासा'. मान्तेका घ्यायचा. आणि नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'कार्ने' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर गोमांसच येतं. कोंबडी, मासे, हॅम, एकेकाचं नाव घेऊन नको म्हणायचं. कोंबडीला तिकडे 'पोशो' म्हणतात.

रात्रीचं जेवण नऊच्या आत मिळणं कठीण. दुपारी एकपासून पाचपर्यंत बरीच दुकानं बंद. थोडा चिवडा-लाडू जवळ असू द्या.

---

सांतियागोकर

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं चिलीत आहे. मेंडोझाला चार वेळा गेलोय, दोनदा बसने. डोंगर ओलांडून सांतियागो-मेंडोझा हा रस्ता जगातल्या सुंदर रस्त्यांपैकी आहे असं माझं मत. सहा ते आठ तास, सीमेवर रांग असेल तर जास्त. ग्रुप टूरमध्ये चिलीही असेल तर विमानाऐवजी हा रस्ता मागा. फक्त हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, बर्फामुळे खिंड दिवसेंदिवस बंद राहू शकते.

आणि चिवडा-लाडवांवरून एक इशारा. मेंडोझातून चिलीत शिरताना फळं, बिया, मध, दूध, घरगुती खाऊ यांची तपासणी अत्यंत कडक असते. अर्जावर 'हो, माझ्याकडे खाण्याचे पदार्थ आहेत' असं सरळ लिहायचं. लिहिलं तर फार तर काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड. बॅगेत विसरलेलं एक सफरचंदसुद्धा महागात पडतं. मेथीदाणे, ओवा, लोणचं, सगळं त्यात आलं.

ताई, अँडीजचा दिवस लिहाच.

---

निफाडची_सून

लिहिते.

सकाळी सातला निघालो. राष्ट्रीय महामार्ग ७ नदीला धरून वर चढतो. पोत्रेरिशोसचं धरण लागतं, निळंशार पाणी आणि भोवती गवताची काडी नसलेले तांबडे-जांभळे डोंगर. उस्पाशाता गावात चहापाणी. पॉपलरची उंच झाडं, थंड वारा. त्यापुढे पुएन्ते देल इंका, मेंडोझापासून १८० किलोमीटरच्या आसपास, उंची सुमारे २,७०० मीटर. नदीवर निसर्गतःच तयार झालेला दगडी पूल आणि गरम झऱ्यांतल्या क्षारांनी त्यावर चढलेले पिवळे-केशरी थर. हळदीच्या डब्याला आतून चिकटते तशी ती पिवळी खरवड दिसते. खाली जुन्या स्नानगृहाच्या भिंती आहेत. वरचं हॉटेल १९६५ मध्ये हिमकडा कोसळून गेलं, शेजारचं लहानसं चर्च मात्र तसंच उभं आहे. पुलावर आता जाऊ देत नाहीत, लांबून बघायचा.

रस्त्याच्या बाजूने सतत एक गंजलेली रेल्वेलाइन सोबत करते. अँडीज ओलांडून चिलीला जाणारी ही मीटर गेज लाइन १९१० मध्ये सुरू झाली होती, आता बंद आहे. ठिकठिकाणी बर्फापासून बचावाच्या शेड मोडून पडल्यात. माझा नवरा रेल्वेवेडा, तो दिवसभर खिडकीशीच होता.

पुढे ओर्कोनेसच्या फाट्यावरून अकोंकाग्वा दिसतो. ६,९६१ मीटर, आशियाबाहेरचं जगातलं सर्वांत उंच शिखर. आम्हाला पंधरा मिनिटं दिली होती. तळ्यापर्यंत सोपी पायवाट आहे, तासाभरात जाऊन येता येतं, पण 'परतायला उशीर होईल' म्हणून नाही म्हणाले. त्या उशिरातून वाचलेला वेळ संध्याकाळी चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात गेला. याचं दुःख मला अजून आहे. हा एक तास आधी लेखी ठरवून घ्या.

---

खुंट_आणि_काडी

मी द्राक्ष सल्लागार म्हणून दिंडोरी-पिंपळगाव भागात काम करतो. मेंडोझाला २०१८ मध्ये शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्याबरोबर गेलो होतो. ताईंनी पाहिलं त्यात थोडी भर.

आपली आणि त्यांची तोडणी एकाच महिन्यांत येते, फेब्रुवारी ते एप्रिल. ते दक्षिण गोलार्धात, आपण उत्तरेत, मग असं कसं? कारण आपली वेल खऱ्या अर्थाने झोपतच नाही. थंडी पुरेशी नाही, म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलला खरड, ऑक्टोबरच्या आसपास गोडी. फळ हिवाळ्यात वाढवतो. त्यांच्याकडे वेल हिवाळ्यात पानं गाळून पूर्ण विश्रांती घेते. छाटणी एकच, जुलै-ऑगस्टच्या गारठ्यात. त्यांचा उन्हाळा संपताना माल येतो आणि आपला हिवाळा संपताना. महिना जुळतो, ऋतू उलटा.

दुसरं म्हणजे खुंट, ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात ती वेल. आपण पाण्याच्या ताणामुळे आणि खाऱ्या जमिनींमुळे १९९० नंतर डॉगरीज जातीच्या खुंटावर कलमं करायला लागलो. तिथे मालबेकच्या कितीतरी जुन्या बागा अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. युरोपच्या बागा ज्या फायलोक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकात उद्ध्वस्त केल्या, ती कीड तिथे आहे, पण रेताड जमीन आणि पाटाने भरून द्यायचं पाणी यांमुळे तिचा जोर चालत नाही. आता नव्या बागा ठिबकवर गेल्यात आणि खुंटावरच्या लागवडी वाढू लागल्यात.

दादांना तिथल्या कोरड्या हवेचा हेवा वाटला असेल. डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी आपण जेवढ्या फवारण्या घेतो, तेवढ्या त्यांनी कधी पाहिल्याही नसतील. त्यांचा शत्रू म्हणजे गारा. दुसरा शत्रू 'सोंडा', अँडीजवरून उतरणारा गरम कोरडा वारा, फुलोऱ्यात आला तर घात करतो. एका दुपारी आम्ही तो अनुभवला. धुळीने सूर्य तांबडा, घसा कोरडा, शाळा सोडून दिल्या होत्या.

---

निफाडची_सून

भाऊ, अगदी बरोबर. गारांसाठी अख्ख्या बागांवर काळी जाळी होती, ओळीच्या दोन्ही बाजूंनी खाली सोडलेली. आमच्या दादांनी ती हातात घेऊन ताणून पाहिली, गाठी मोजल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षी तयार माल एका दुपारी जमिनीवर आला होता. जाळीखाली उभं राहून दादा बराच वेळ वर बघत होते.

मांडवही पाहिला. त्याला तिथे 'पार्राल' म्हणतात, इटलीहून आलेल्या लोकांनी तो तिकडे रुजवला असं मुकादमाने सांगितलं. अगदी आपल्यासारखा. भारी वाईनच्या बागा मात्र तारांवर उभ्या.

---

जुनी_पानं

इतिहासाचं थोडं जोडतो.

मालबेक मूळ फ्रान्सचं, नैर्ऋत्येकडच्या काओर भागातलं. मेंडोझात आणलं ते मिशेल एमे पूजे या फ्रेंच शेतीतज्ज्ञाने, १८५३ मध्ये. त्या वर्षी १७ एप्रिलला मेंडोझात शेतकी शाळा काढायचा प्रस्ताव मांडला गेला, म्हणून १७ एप्रिल हा मालबेक दिन. पण दारूधंदा खऱ्या अर्थाने वाढला १८८५ मध्ये ब्युनोस आयरेसहून रेल्वे आल्यावर. माल राजधानीत जाऊ लागला आणि उलट दिशेने इटली-स्पेनची माणसं आली. आज आर्जेन्टिनाच्या एकूण वाईनपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त एकट्या मेंडोझाची आहे.

ज्या टेकडीवर तुम्हाला वीस मिनिटं मिळाली, तिथलं शिल्प १९१४ चं. जानेवारी १८१७ मध्ये इथला स्वातंत्र्ययोद्धा होसे दे सान मार्तीन पाचेक हजारांचं सैन्य घेऊन इथूनच अँडीज चढला आणि १२ फेब्रुवारीला पलीकडे चाकाबुकोच्या लढाईत स्पॅनिशांना हरवलं. त्या सैन्याचा झेंडा मेंडोझाच्या बायकांनी शिवला होता, तो शहरात आजही जपून ठेवलाय. शिल्पाच्या खालच्या बाजूला दागिने देणाऱ्या बायका, भात्यावर तोफा ओतणारे कारागीर कोरलेत. ते वाचायला किमान तास हवा.

मार्चच्या सुरुवातीला जाणाऱ्यांसाठी: द्राक्षतोडणीचा राष्ट्रीय उत्सव, 'वेन्दिमिया', १९३६ पासून होतो. डोंगरातल्या उघड्या रंगमंचावर हजारभर नर्तक, रस्त्यावर मिरवणुका, आणि सुरुवातीला फळांना आशीर्वाद द्यायचा विधी. हॉटेलं महिनोन्‌महिने आधी भरतात.

---

पुण्याच्या_आजी

मुली, छान लिहिलंस. मी ६८ वर्षांची, गुडघे बेताचे. एकटीच ग्रुपबरोबर जायचा विचार आहे. झेपेल का? आणि पीतज्वराच्या लशीचं काय?

---

निफाडची_सून

आजी, नक्की झेपेल. शहर सपाट आहे, सावली आहे. फक्त पाटांकडे लक्ष. अँडीजच्या दिवशी कपाळ जरा जड होतं, पाणी पीत राहा, गरम कपडे हाताशी ठेवा.

लस मात्र विसरू नका. ब्राझील-आर्जेन्टिनाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची आणि निघायच्या किमान दहा दिवस आधी. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं, आमच्या दादांनीही विचारलं होतं. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या न्या. जुन्या, शाई लागलेल्या नोटा तिकडे घेत नाहीत.

---

पांझराकाठ

धागा काल रात्री वाचला आणि आज पुन्हा वाचला. मी साक्रीचा. आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे, तीनेकशे वर्षांपासूनची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, गावाने नेमलेला पाटकरी प्रत्येकाच्या शेताला पाळीने पाणी देतो. कोणाचं किती, कधी, हे गावच ठरवतं. माझे आजोबा पाटकरी होते.

ताई, तिकडे पाटाचं पाणी कोण सोडतं? सरकार की शेतकरी? पाहिलंत का?

---

निफाडची_सून

पाहिलं, आणि तुमचा प्रश्न वाचून दादांना फोनच लावला. ते खरडीच्या गडबडीत आहेत, तरी दहा मिनिटं बोलले.

तिसऱ्या वायनरीच्या वेळी आम्ही तिघं आत न जाता रस्त्याने चालत गेलो. अर्ध्या किलोमीटरवर पाटाला लोखंडी झडप होती आणि एक माणूस सायकल लावून ती वर ओढत होता. पायात गमबूट, खांद्यावर फावडं. तो 'तोमेरो'. तुमचा पाटकरीच. नवऱ्याने फोनवर भाषांतर लावलं आणि दादांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

तिकडे पाण्याचा कायदा १८८४ सालचा आहे. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला, जमीन विकली की हक्क तिच्याबरोबर जातो, नुसतं पाणी वेगळं विकता येत नाही. प्रत्येक पाटाचे शेतकरी आपला निरीक्षक स्वतः निवडून देतात. निरीक्षक पाळीचा तक्ता लावतो, आणि तोमेरो तक्त्याप्रमाणे झडपा उघडतो. पाण्याची पट्टी थकली तर पाळी बंद. वर प्रांताचं पाटबंधारे खातं आहे, पण झडपेपाशी उभा असतो तो शेतकऱ्यांनी नेमलेला माणूस.

दादांनी विचारलं, रात्रीची पाळी आली तर? तो म्हणाला, रात्रीच यायचं, विजेरी घेऊन. दादांनी विचारलं, पाणी चोरतात का? त्याने मान हलवली आणि झडपेला घातलेलं कुलूप दाखवलं. दादांनी विचारलं, यंदा बर्फ कसा? त्यावर तो माणूस डोंगराकडे बघून म्हणाला, कमी, गेली कित्येक वर्षं कमीच. पुढचं भाषांतर फोनला नीट जमलं नाही. पण दादा म्हणाले, मला समजलं.

निघताना त्याने झडप पूर्ण उचलली. पाणी आधी कोरड्या पाटात पाचोळा ढकलत पुढे गेलं, मग फेसाळत, मग स्थिर. दादा खाली बसले, ओंजळभर घेतलं, तोंडावर मारलं. बर्फाचं पाणी, बोटं बधिर झाली म्हणाले. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला.

दादांच्या खिशातल्या वहीत त्या दिवशीच्या पानावर दोनच ओळी आहेत. मी फोनवर त्यांच्याकडून वाचून घेतल्या: "मालबेक २४.५. पाळी आठ दिवसांनी."

---

पांझराकाठ

ताई, आठ दिवसांनी म्हणजे आमच्या उन्हाळी पाळीपेक्षा बरी. हे माझ्या वडिलांना वाचून दाखवतो. त्यांना दादांशी बोलायचंय. खरड छाटणी उरकली की नंबर कळवाल का? निरोपात पाठवा, इथे नको.

---

निफाडची_सून

पाठवते. मेच्या पहिल्या आठवड्यात दादा मोकळे होतील. संध्याकाळी सातनंतर लावायला सांगा, तोपर्यंत ते बागेत असतात.